मामाच्या एकतीस रात्री

जिनिव्हा, १२ जानेवारी १९९९

ती. आन्सेल्म मामास,
सा. न. वि. वि.

नव्या वर्षाचं पत्र बारा दिवस उशिरा लिहिते आहे, रागावू नकोस. तू पाठवलेलं ऑलिव्हचं तेल आणि मामीचा जर्दाळूचा मुरंबा सुखरूप पोचला. तेलाची बाटली वाटेत थोडी पाझरली, त्यामुळे तुझ्या चिठ्ठीतली निम्मी अक्षरं तेलकट होऊन गेली. उरलेली मात्र इतकी मोठी होती की वाचायला अडचण आली नाही. निवृत्त झाल्यापासून तू अक्षरसुद्धा ऐसपैस काढायला लागलास.

आता मुद्द्याचं. ऑक्टोबरात आम्ही आमचा ग्रह जाहीर केला, तेव्हा सगळ्या गावाला कॉफी तूच पाजली होतीस, म्हणून हे आधी तुलाच सांगते. ग्रह दिसत नाही हे तुला ठाऊक आहे, आईला अजून पटत नाही. तिला वाटतं मी दुर्बिणीला डोळा लावला आणि तो समोर उभा होता. परवा तिला पुन्हा समजावलं, की तो गुरूहूनही मोठा, नुसता वायूचा गोळा आहे. त्याच्यावर पाय ठेवायला जमीन नाही. त्याच्या ओढीने त्याचा तारा किंचित डुलतो आणि ते डुलणं आम्ही मोजतो. त्यावर ती म्हणाली की तारा आपला आपणच डुलत नसेल कशावरून. मामा, गेला आठवडाभर मी स्वतःला हाच प्रश्न विचारते आहे.

अमेरिकेतल्या एका गटाचं पत्र आलंय. त्यांनीही आपला तारा वीसेक रात्री पाहिला. डुलणं त्यांना दिसतं, पण मंद आणि सरळसाधं. आपल्या ग्रहाची कक्षा काकडीसारखी लांबट आहे, तो ताऱ्याच्या अंगावर धावून जातो आणि मग लांब पळतो, याचंच तर वर्तमानपत्रांना कौतुक होतं. त्यांच्या आकड्यांत त्याचा मागमूस नाही. पत्र सभ्य आहे. खगोलशास्त्रज्ञांच्या मार्चमधल्या सभेआधी पुन्हा तपासून घ्या, एवढंच म्हणतात. आमच्या गटप्रमुख कोर्नूबाईंनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या की तपास. सभेत उभं मलाच राहायचंय. आणि इथल्या माझ्या कायम नोकरीच्या जागेचा निर्णय एप्रिलमध्ये आहे.

आपल्या बावन्न रात्रींपैकी एकतीस रात्री तुमच्या डोंगरावरच्या वेधशाळेत दुर्बिणीवर तू होतास. नोंदवहीत 'आ. ब्रे.' अशी तुझी सही आहे. तो तारा जोडीतला, शेजारी तसाच दुसरा, अगदी खेटून. पडद्यावर पाहून तारा उजेड यंत्राकडे नेणाऱ्या काचेच्या धाग्याच्या तोंडावर नेमका धरायचा, हे तुझं काम होतं. तिथे शेजाऱ्याचा उजेड थोडा जरी आत शिरला तरी आकडे बिघडतात. तसं कधी झालं असेल का? आठवून कळव. सध्या जेवण जात नाही. मामीला नमस्कार, आणि माझ्यावर जीव आहे तो तसाच असू दे.

तुझी भाची,
नोएमी


रोशबेल, २० जानेवारी १९९९

चि. नोएमी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. इथे चार दिवस मिस्त्राल वारा सुटलाय, कौलं धरून ठेवावी लागतात. तुझी मामी म्हणते, वाऱ्याने तिचं डोकं चढतं, म्हणून बोलायचं काम सध्या माझ्याकडे आहे. रविवारी चौकात लोखंडी गोळ्यांचा डाव मांडला होता. मी तिन्ही डाव हरलो. चौकाची जमीन उतरती झालीय, ती नगरपालिकेने नीट करून घ्यायला हवी. बेकरीवाला म्हणतो की मी गोळा त्याच्या बुटावर नेम धरून टाकला. त्याच्या बोलण्याकडे कोण लक्ष देतं.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर वहीत लिहिलंय ते लिहिलंय. आकाश स्वच्छ होतं तर स्वच्छ होतं. तीस वर्षांत माझ्या हातून तारा सुटला असं कुणी म्हटलेलं नाही. मोठमोठे लोक पॅरिसहून यायचे आणि ब्रेमोंची पाळी आहे का, हे आधी विचारायचे. अमेरिकेतल्या लोकांच्या दुर्बिणीला काय दोष नसतील? तुझं नाव झालेलं त्यांना सलत असेल. तू वेळेवर जेवत जा. पोरी, ग्रह कुठे पळून जात नाही.

तरी मनाचं समाधान होत नसेल, तर माझ्या रात्री बाजूला ठेवून दुसऱ्यांच्या रात्री वेगळ्या मांडून बघ. सहज सुचलं म्हणून लिहिलं.

पुढचं पत्र टाइप करून पाठव. तुझं अक्षर हल्ली मुंग्यांच्या रांगेसारखं झालंय. ताईला माझा नमस्कार सांग.

तुझा मामा,
आन्सेल्म


रोशबेल, २ फेब्रुवारी १९९९

चि. नोएमीला मामीचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या मामाला न सांगता लिहिते आहे. तो बाजारात गेलाय आणि यायच्या आत मला ते टपालात टाकायचंय, म्हणून अक्षराला हसू नकोस.

तुझं पत्र आल्यापासून तो धड बसत नाही. रोज अंगणात जाऊन उभा राहतो. विचारलं तर म्हणतो, हवा पाहतोय. तुझं पत्र त्याने मला तीनदा वाचायला लावलं. पहिल्यांदा म्हणाला चष्मा सापडत नाही. चष्मा त्याच्या नाकावर होता.

मला तुझ्याकडून एकच मदत हवी आहे. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठव. तुझं तो ऐकतो. काल कपाच्या बाहेर कॉफी ओतली, टेबलभर. दाराच्या चौकटीला खांदा रोज आपटतो. दिव्याभोवती केस उगवल्यासारखे दिसतात म्हणतो. हे आजचं नाही, शहाण्णवच्या नाताळापासून चाललंय, म्हणजे दोन वर्षं उलटून गेली. तेव्हा मी मानोस्कच्या डॉक्टरांची वेळसुद्धा ठरवली होती. त्याने माझ्याकडून शपथ घेतली की वर डोंगरावर कुणाला कळता कामा नये, नाहीतर निवृत्तीआधीच घरी बसवतील. आता निवृत्त झाला, शपथ संपली असं मी धरते. तरी जात नाही. म्हणतो, आता जाऊन काय उपयोग.

तुझ्या कामाचं चांगलं चाललं असेल. तू नीट खा, झोप. आमच्यावर माया ठेव, तुझ्याशिवाय आम्हाला कोण आहे.

रोझीन मामी


जिनिव्हा, ९ फेब्रुवारी १९९९

ती. आन्सेल्म मामास,
सा. न. वि. वि.

तू म्हणालास म्हणून टाइप करते आहे, अक्षरंही मोठी ठेवलीत.

तू सुचवलंस तसं केलं. तुझ्या एकतीस रात्री वेगळ्या काढल्या आणि इतरांच्या एकवीस वेगळ्या. त्या एकवीस रात्रींत तारा मंद डुलतो, जवळजवळ अमेरिकेतल्या लोकांना दिसला तसाच. काकडी सगळी तुझ्या एकतीस रात्रींत आहे. कागद समोर ठेवून दुपारभर बसून राहिले. कोर्नूबाई दारात येऊन गेल्या. खिडकी तेवढी उघडून गेल्या.

मामा, मला तुझा राग आलाय. आधी वाटलं, आला नाही. मग भांडी घासताना एक ताट इतक्या जोरात ठेवलं की त्याचे दोन तुकडे झाले, तेव्हा कळलं. पण रागापेक्षा भीती जास्त आहे. एकवीस रात्रींवर ग्रह आहे असं छातीठोक म्हणता येत नाही. नाही म्हणावं तर अख्खा शोध मागे घ्यावा लागतो. सभेतल्या भाषणाची मी सत्तावीस पानं लिहून फाडलीत.

एक वाट आहे. त्या एकतीस रात्री हवा खराब होती म्हणून गाळल्या, एवढं एका ओळीत लिहिता येईल. डोंगरावरची हवा कुणी तपासायला जात नाही. तुझं नावही कुठे येणार नाही. तू म्हणालास तर मी तसं लिहीन. बाईंशी अजून बोलले नाही.

मी तुला काही विचारत नाही. तुला सांगायचं असेल तर मार्च उजाडायच्या आत सांग. आणि मानोस्कला जाऊन ये, ते माझ्या ग्रहासाठी नाही, मामीच्या टेबलासाठी.

तुझी,
नोएमी


रोशबेल, १७ फेब्रुवारी १९९९

चि. नोएमी हिस,
आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतोय आणि तुझी मामी लिहिते आहे. ती मध्येच डोळे पुसते, त्यामुळे शाई पसरली असेल तर ती माझी नव्हे. तिने तुला लिहिलं होतं हे मला तुझ्या पत्रातल्या टेबलावरून समजलं. मी तिला काही बोललो नाही. बोलण्याचा हक्क माझा नाही.

शहाण्णवच्या डिसेंबरात पडद्यावरच्या ताऱ्यांना पहिल्यांदा केस फुटलेले दिसले. मी पडदा पुसला. मग काच पुसली. मग नवा पडदा मागवायला लावला, तो आला, त्यावरही तसंच. तेव्हा कळलं की पुसायचं ते माझ्या डोळ्यांत आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पेन्शनची भीती होती हे खोटं नाही, पण तेवढंच सांगितलं तर तेही खोटं होईल. डोंगरावर मला दुसरं काही येत नव्हतं. तारा धरता येतो, म्हणून लोक ब्रेमोंना ओळखत होते. तो धरता येत नाही म्हटल्यावर मी कोण, हे मला सांगता येईना.

एकटा तारा असला तर निभावून जायचं. धुकट गोळ्याचा मध्य धरला की तारा आपोआप सापडतो. तुझ्या जोडीचं तसं नव्हतं. दोन्ही मिळून मला एकच दिसायचे आणि मी त्या एकाचा मध्य धरायचो. मध्य म्हणजे दोघांच्या मधली जागा, हे मला त्या वेळीही कळत होतं. मग अंदाजाने जरा डावीकडे सरकवायचो. काही रात्री जमलं असेल. कुठल्या, ते मला माहीत नाही.

तू पहिल्यांदा स्वतःचं काम घेऊन वर आलीस ना, तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की माझी भाची आलीय. तू शेजारी बसून आकडे वाचायचीस आणि विचारायचीस की मामा, धरलास का. मी म्हणायचो, धरला. तुझ्याशी मी एकतीस रात्री खोटं बोललो. दुसऱ्या कुणाशी बोललो असतो तर एवढं लागलं नसतं.

आता नीट ऐक. हवा खराब होती असं लिहू नकोस. हवा चांगली होती. वहीत मी तसं लिहिलंय आणि वहीत तेवढंच खरं आहे. कारण लिही. नाव विचारलं तर नावही सांग. त्या दोन वर्षांत तुझ्याशिवाय दुसऱ्यांच्या दीडशेक रात्री माझ्या हाताखालून गेल्यात. तुझ्या एका ओळीने मी झाकला जाईन, पण ती माणसं चुकीच्या आकड्यांवर संसार मांडून बसतील.

परवा आम्ही दोघं वर गेलो होतो. वेधशाळेच्या प्रमुखांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की एक वेगळा कागद जोडला तरी पुरेल. मी म्हटलं, कागद हरवतात. परवा आणि काल, दोन दुपारी बसून प्रत्येक रात्रीच्या समोर लिहिलं की या रात्री पाहणाऱ्याला नीट दिसत नव्हतं, आणि खाली सही केली. तुझी मामी ओळीखाली पट्टी धरायची, मी लिहायचो.

मानोस्कलाही जाऊन आलो, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ताईला कळलं तर कळू दे. तुझ्या मनात माझ्यासाठी काही उरलं असेल तर ते राहू दे. उरलं नसेल तरी माझी तक्रार नाही.

आन्सेल्म


जिनिव्हा, २४ मार्च १९९९

ती. मामास आणि मामीस,
सा. न. वि. वि.

काल सभा झाली. सकाळी बाईंनी मला आल्याचा चहा पाजला आणि दार लावून बसवलं. त्यांना मी तुझं पत्र महिन्यापूर्वीच दाखवलं होतं. वाचून त्या म्हणाल्या की हवेची ओळ लिहिली असतीस तर मी तुझ्याबरोबर पुन्हा काम केलं नसतं. म्हणजे मी केवढ्या कड्यावर उभी होते बघ.

वीस मिनिटांचं भाषण होतं, मी नऊ मिनिटांत संपवलं. एकतीस रात्रींवर विसंबता येत नाही, शेजारच्या ताऱ्याचा उजेड आत गेला, तारा धरणाऱ्या सहायकाच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून आम्ही ग्रह मागे घेतो, असं सांगितलं. मग पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केला. ते म्हणाले की सहायकावर खापर फोडणं सोपं असतं, त्या बिचाऱ्याला हे माहीत तरी आहे का, आणि तो आहे कोण.

मी सांगितलं की ते आन्सेल्म ब्रेमों, आणि ते माझे मामा आहेत. कारण लिही, हे त्यांनीच मला सांगितलं, आणि वहीत प्रत्येक रात्रीसमोर त्यांच्या हातची नोंद आहे.

ते गृहस्थ खाली बसले. दुपारी जेवताना ते माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी तुझा पत्ता मागितला. त्यांच्याही सहा रात्री तुझ्या पाळीतल्या आहेत म्हणे. आणखी दोघांनी मागितला. मी दिला. तुला विचारायला हवं होतं का, हे आता सुचतंय.

जागेचं विचारशील म्हणून सांगते, ती मला मिळणार नाही. एप्रिलपर्यंत थांबायची गरज नाही, बाईंनी आजच सांगितलं. एका वर्षाचं काम त्या मला देऊ शकतात, त्यापुढचं मला दिसत नाही. आईने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की आन्सेल्मला जेवायला बोलाव. तिचं सगळं जेवणावर येऊन थांबतं.

राग गेला का, तर पूर्ण नाही. पण काल सभेत तुझं नाव घेताना तो आड आला नाही.

तुमची,
नोएमी


रोशबेल, ११ जून १९९९

चि. नोएमी हिस,
अनेक आशीर्वाद.

हे मी स्वतः लिहितोय. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं सप्टेंबरात. पट्टी काढल्यावर पहिली दिसली तुझी मामी. मी म्हटलं, केस कधी पांढरे झाले. ती दोन दिवस बोलली नाही.

पत्रं येतायत. आजवर नऊ आली, एक पोर्तुगालहून, एक स्वीडनमधून. सगळ्यांचा एकच प्रश्न, आमच्या रात्री कशा होत्या. प्रत्येक पत्र मी मामीला उघडायला लावतो. वाटतं, यात शिव्या असतील. अजून कुणी दिल्या नाहीत, पण दहाव्यात असतील. ज्यांचा तारा एकटा होता त्यांना लिहितो की घाबरू नका. ज्यांचा जोडीतला, त्यांना लिहितो की माझ्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका. पोर्तुगालच्या बाईंच्या चार वर्षांच्या कामातलं एक वर्ष वाया गेलं. त्यांना उत्तर लिहायला मला आठवडा लागला.

तुझ्या ताऱ्याचं काय झालं, हे कुणी सांगत नाही आणि मी विचारत नाही. वर आता कामावर असलेली मुलगी बाजारात भेटली होती. ती म्हणाली की नोएमी एप्रिलपासून दोनदा येऊन गेली. तू खाली गावात उतरली नाहीस. घाई असेल.

तुझी वाट पाहणारा,
मामा


जिनिव्हा, १८ ऑक्टोबर १९९९

ती. आन्सेल्म मामास,
सा. न. वि. वि.

घाई नव्हती. तुझ्या दारापर्यंत येऊन मी दोन्ही वेळा परत फिरले. नव्या रात्रींतून ग्रह नाहीच असं निघालं, तर ते तुझ्यासमोर बसून कसं सांगायचं, हे मला कळत नव्हतं. आता सांगता येईल म्हणून लिहिते आहे.

ग्रह आहे. एप्रिल ते सप्टेंबर अशा सव्वीस नव्या रात्री मिळाल्या. एकोणतीस दिवसांत तो ताऱ्याभोवती एक फेरी घालतो, कक्षा जवळपास गोल, आकार गुरूपेक्षा थोडा कमीच. धावून जाणं नाही, पळणं नाही. असे आता वीसेक सापडलेत, हा त्यांतला एक. अमेरिकेतल्या गटाने तो गेल्या महिन्यात जाहीर केला, शोध त्यांच्या नावावर राहील. त्यांनी लेखात लिहिलंय की हा ग्रह आधी जिनिव्हाहून सांगितला गेला होता आणि सांगणाऱ्यांनीच तो मागे घेतला. ते वाचून मला रडू यायला हवं होतं. मी ऑफिसातच टेबलावर डोकं ठेवून दोन तास झोपले.

जानेवारीपासून लोझानच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवणार आहे, आठवड्यातून तीन दिवस. उरलेले दोन दिवस बाईंकडे. पुढचं पुढे.

तुला एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. खरी कक्षा कळल्यावर मी तुझ्या एकतीस रात्री पुन्हा एकेक करून तिच्यावर ठेवून पाहिल्या. बिघडलेल्या फक्त नऊ आहेत. सगळी काकडी त्या नऊ रात्रींची. बाकी बावीस अगदी नेमक्या बसतात, काही तर इतरांपेक्षा नेमक्या. मामा, तू स्वतःवर हवं त्याहून जास्त लिहून घेतलंस. वर जा, वही माग आणि त्या बावीस ओळी खोडून ये. तारखांची यादी सोबत जोडली आहे. प्रमुखांशी माझं बोलणं झालंय, त्यांची हरकत नाही.

नाताळला मी येते. या वेळी दारातून परत फिरणार नाही. मामीला सांग, माझ्यावरची माया थोडी वाढवून ठेव, कमी पडते आहे.

तुझी भाची,
नोएमी


रोशबेल, २७ ऑक्टोबर १९९९

चि. नोएमी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ग्रह आहे हे वाचून मी खुर्चीतून उठलो आणि उगाचच घरभर फिरलो. मामीने विचारलं काय झालं. मी तुझं पत्र तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, एवढ्यासाठी पोरगी वर्षभर उपाशी राहिली. तुझ्यासाठी तिने बदामाची वडी आत्तापासून करून ठेवलीय. नाताळपर्यंत टिकली तर तुझं नशीब, कारण मला आता कपाटातलं सगळं दिसतं.

शाळेतल्या कामाबद्दल वाईट वाटून घ्यायचं की नाही हे मला ठरवता येत नाही. ते माझ्यामुळे आहे हे मी विसरत नाही.

परवा यादी घेऊन वर गेलो. वही काढली, पहिली तारीख शोधली, पेनाचं टोपण उघडलं. माझंच अक्षर, तिरपं, पट्टीवरून घसरलेलं. टोपण पुन्हा लावलं. मी ओळी खोडणार नाही. त्या बावीस रात्री तारा जागेवर बसला तो नशिबाने बसला. आकडे चांगले निघाले, तर तू तुझ्या लेखात ते खुशाल वापर, ते तुझेच आहेत. पण मी वहीत लिहिलंय ते आकड्यांविषयी नाही. पाहणाऱ्याला नीट दिसत नव्हतं एवढंच लिहिलंय, आणि ते एकतीसच्या एकतीस रात्री खरं होतं.

ये. वाट पाहतो.

तुझा,
आन्सेल्म मामा